आधी एकच इंजिन डिजिटल करा

प्रश्न: मी रेल्वेच्या सिग्नल व दूरसंचार विभागातून निवृत्त झालो. वय ६१, पुण्यात स्वतःचं घर, पेन्शनमध्ये घरखर्च भागतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २० लाख आणि १० लाख अशी दोन खाती १४ महिन्यांपूर्वी उघडली. त्यांचं व्याज बचत खात्यात पडून राहतं. आजारपणासाठी ८ लाखांची एफडी वेगळी आहे. गच्चीवरच्या खोलीत आठ बाय चार फुटांच्या प्लायवर एचओ मापाचा मॉडेल रेल्वेचा लेआउट आहे. सात जुनी इंजिनं, साधा कंट्रोलर. कोथरूडचं जोशी मिनिएचर रेल्वे म्युझियम पाहून आल्यापासून सगळं डिजिटल, म्हणजे डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल), करायचं मनात आहे. यादी अशी: स्टार्टर सेट ६०,०००, सात इंजिनांत बसवायचे डिकोडर, म्हणजे आज्ञा ओळखणारी छोटी सर्किटं (चार आवाजाचे) ७५,०००, पॉइंट, म्हणजे गाडीचा मार्ग बदलणारे सांधे, डिजिटल करायला ५०,०००. एकूण १,८५,०००. मुलगी म्युनिकला असते, दिवाळीत येताना आणेल. १० लाखांच्या खात्यातून एवढे काढावेत का? डीसीसीतलं मला अजून काही येत नाही. पत्नी म्हणते, या वयात हे खूळ कशाला.

उत्तर: खात्याला हात लावू नका. या योजनेत थोडे पैसे काढण्याची सोय नाही, मुदतीआधी काढायचे तर अख्खं खातं बंद करावं लागतं. एक वर्ष झालंय पण दोन झालेली नाहीत, म्हणजे मुद्दलातून दीड टक्का कापला जाणार. दहा लाखांवर १५,००० रुपये. तेवढ्यात निदान तीन साधे डिकोडर पदरात पडतात, आणि इथे ते फक्त खिडकीवर फॉर्म भरल्याबद्दल जातील.

तशी गरजही नाही. ८.२ टक्क्यांनी तुमच्या ३० लाखांवर दर तिमाहीला ६१,५०० रुपये व्याज येतं, वर्षाला २,४६,०००. छंदाला यातले वर्षाचे ४०,००० ठरवा आणि पहिल्या वर्षाचे पुढच्याच तिमाहीला एका वेगळ्या खात्यात टाका. त्या खात्यात पैसे असतील तेव्हाच खरेदी. वहिनींना हा आकडा स्पष्ट सांगा. खूळ म्हणायला त्यांना मग फारसं काही उरणार नाही, कारण मुद्दल, एफडी आणि पेन्शन तिन्ही जागच्या जागी आहेत. ‘नो कॉस्ट’ ईएमआयवर घ्यायचा मोह मात्र टाळा. हौसेची वस्तू हप्त्यावर घेतली की यादी वाढत जाते, हे मी अनेक घरांत पाहतो.

आता यादीकडे. पैसे नेमके कुठे जातात ते समजलं तर ती आपोआप आटोपेल. साध्या पद्धतीत कंट्रोलर रुळातला व्होल्टेज कमी-जास्त करतो आणि दिशेसाठी ध्रुव उलटे करतो, त्यामुळे त्या रुळावरची सगळी इंजिनं एकदम हलतात. डीसीसीमध्ये रुळावर कायम ठरावीक व्होल्टेज असतो, त्यातूनच आज्ञा जातात आणि प्रत्येक इंजिनातला डिकोडर फक्त आपल्या नंबरची आज्ञा ऐकतो. म्हणजे मुख्य यंत्र एकदाच घ्यायचं, डिकोडर मात्र इंजिनागणिक. युरोपात साधा डिकोडर साधारण २५ ते ४० युरोंना मिळतो, आवाजाचा १०० युरोंच्या पुढे. तुमच्या यादीतले ७५,००० मुख्यतः त्या चार आवाजांचे आहेत.

दुसरी गोष्ट, घाई करायला कारण नाही. डीसीसी हे एका कंपनीच्या मालकीचं नाही. जर्मनीतल्या लेन्झच्या पद्धतीवरून अमेरिकेतल्या एनएमआरए या संघटनेने १९९०च्या दशकात त्याचं मानक केलं. एका कंपनीचा डिकोडर दुसरीच्या यंत्रावर चालतो. ‘आत्ताच सगळं एका घरचं घ्या, नंतर जुळणार नाही’ असं कुणी म्हटलं तर तो विक्रेता आहे.

पॉइंटचे ५०,००० सरळ खोडा. गाड्या डिजिटल केल्या म्हणून पॉइंट डिजिटल करावे लागत नाहीत. आठ बाय चारवर हात सगळीकडे पोचतो, आहेत ते स्विच चालू ठेवा.

स्टार्टर सेटचं काय? दुसऱ्या कुणाला मी तो घ्या म्हटलं असतं. तुमचा जन्म रिले, मल्टिमीटर आणि सोल्डरिंगमध्ये गेला. तुमच्यासाठी मुख्य यंत्र घरीच बनवायचा डीसीसी-ईएक्स नावाचा मुक्त (ओपन सोर्स) प्रकल्प आहे: आर्डुइनो मेगा हा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड, त्यावर रुळांना वीज सोडणारा मोटर शील्ड हा जोड-बोर्ड, एक डीसी पॉवर सप्लाय, आणि संगणकावर गाड्या चालवायला जेएमआरआय हे फुकट सॉफ्टवेअर. सामान तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत फिरून जमेल, पाच-सहा हजारांच्या आत. एका शील्डवर दीड-दोन अँपिअरच्या पुढे जाऊ नका, एवढ्या लेआउटला ते पुरतं. मोबाइलही जेएमआरआयमार्फत कंट्रोलर म्हणून वापरता येतो. जमलं नाही तर सेट पुढच्या वर्षी आहेच, आणि बुडाले ते पाच हजार.

मुलीकडून दिवाळीत एकच वस्तू मागवा: कारखान्यातूनच डिकोडर बसवलेलं, आवाज नसलेलं एक इंजिन, वीस हजारांच्या आतलं. असे बहुतेक डिकोडर साध्या कंट्रोलरवरही चालतात, म्हणजे बोर्ड जुळायच्या आधीही ते डब्यात पडून राहणार नाही. तिला दोन गोष्टी बजावून सांगा. जर्मनीत जुन्या बाजारात मेर्कलिनचा माल ढिगाने आणि स्वस्तात दिसेल, पण मेर्कलिनचं एचओ तीन-रुळी पद्धतीचं, मधल्या खिळ्यांतून वीज घेणारं. त्याची चाकं तुमच्या दोन-रुळी मार्गावर शॉर्ट करतील. आणि बिल जवळ ठेवायचं, कस्टम्सला विचारलं तर दाखवता येतं. पार्सलने मागवू नका. शुल्क, त्यावर जीएसटी आणि कुरियरवाल्याची हाताळणी फी धरून स्वस्त वस्तू महाग होते. इथल्या दुकानांतले भावही चढे का, तर खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के केलं गेलं. शिवाय बिघडलेला डिकोडर वॉरंटीत परत पाठवायचा तर जाण्या-येण्याचा खर्च त्याच्या किमतीएवढा.

पहिल्या वर्षाचे उरलेले पैसे प्लायखाली घाला. दोन जाड वायरी संपूर्ण फळीखालून न्या आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला बारीक फांदी द्या. नवशिक्यांच्या बऱ्याच तक्रारी ढिल्या जोडांच्या असतात. मग कोपऱ्या-कोपऱ्यात एक रुपयाचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं ठेवा. जिथे सप्लाय लगेच ट्रिप होत नाही तिथली वायर कमी पडते, आणि तिथेच एखाद्या दिवशी रुळावरून घसरलेलं इंजिन तापून वितळेल. जुना कंट्रोलर त्याच रुळांना जोडलेला असताना डीसीसी कधीही सुरू करू नका.

सात जुन्या इंजिनांना दुसऱ्या वर्षापर्यंत थांबवा, आणि तेव्हाही सगळ्यांना नको. अट एकच ठेवा. वेगळ्या तुकड्यावर, ज्याला प्रोग्रॅमिंग ट्रॅक म्हणतात, नवं इंजिन ठेवून त्याचा नंबर बदलता आला पाहिजे. डिकोडर बहुधा ३ नंबर घेऊनच येतात, म्हणून दोन नवी इंजिनं एकाच आज्ञेवर धावतात. सीव्ही म्हणजे डिकोडरमधली क्रमांक दिलेली सेटिंग. सीव्ही १ मध्ये ४ लिहिलं की ते इंजिन वेगळं झालं. सीव्ही ३ आणि ४ मध्ये वेग घेणं आणि थांबणं हळू करता येतं, मालगाडी मालगाडीसारखी निघते. हे न अडखळता जमलं की पुढचे पैसे मोकळे.

मग प्रत्येक जुन्या इंजिनाला मीटर लावा. मोटरचा एकही ब्रश चासीला टेकलेला नसावा, टेकला असेल तर आधी तो वेगळा करा, नाहीतर डिकोडर पहिल्याच मिनिटाला जळतो. बारा व्होल्टवर चाकं क्षणभर अडवून करंट मोजा. एचओचे नेहमीचे डिकोडर एक अँपिअरच्या आसपासचे असतात, जुन्या उघड्या मोटरी त्याहून जास्त ओढतात. सातांपैकी चार या परीक्षेत उतरली तरी पुष्कळ. बाकीची जशी आहेत तशी ठेवा. डिकोडर बसवल्याने जुन्या इंजिनाची किंमत वाढते असं समजू नका. विकताना तो खर्च परत येत नाही.

एक प्रश्न पैशांच्या बाहेरचा, पण यादी त्यावरच ठरेल. तुम्हाला नेमकं काय आवडतं, गाडी चालवणं की गाडी सोडणं? डीसीसीचा मोठा फायदा असा की रूळ तुकड्यांत तोडून स्विच बसवावे लागत नाहीत. पण ब्लॉक सेक्शन, पॅनेल, इंटरलॉकिंग हेच तर तुमचं काम होतं! संध्याकाळी वर जाऊन एका गाडीला होम सिग्नलला थांबवून दुसरी सोडायची, हा आनंद हवा असेल तर साध्या कंट्रोलरवर ब्लॉक, म्हणजे रुळांचे वेगळे तुकडे, आणि टॉगल स्विचचं पॅनेल काही हजारांत उभं राहतं. चाळीस हजारांतले बरेचसे मग सिग्नलांवर खर्च करा, माझी हरकत नाही.

आणि जुना कंट्रोलर विकू नका. त्याचे येऊन येऊन हजारभर येतील, आणि वरची करंटची मोजणी करायला तो उपयोगी पडेल.