श्वासनलिकेचं झाड अर्धवट का दिसतं?

प्रश्न: बाबांच्या छातीचा सीटी स्कॅन झाला, सीडी घरी दिली. मी ती थ्रीडी स्लायसर या फ्री सॉफ्टवेअरमध्ये उघडून श्वासनलिकेचं थ्रीडी मॉडेल केलं. उजवीकडे फांद्या भरपूर, डावीकडे खाली मात्र लगेच संपतात. तिथल्या नळ्या बंद झाल्यात का? रिपोर्टमध्ये तसं काही नाहीये. (एक वाचक, सांगली)

उत्तर: रिपोर्टमध्ये नाही ना, मग आधी घाबरणं सोडा. मॉडेल जिथे थांबतं तिथे बहुतेक वेळा नळी संपलेली नसते, सॉफ्टवेअरला पुढची नळी पकडता आलेली नसते. स्कॅनमधला प्रत्येक ठिपका म्हणजे एक आकडा असतो, पाणी ० आणि हवा उणे १०००, आता नळीत हवा आणि बाहेरच्या फुप्फुसातही बरीचशी हवाच, तिथला आकडा उणे ८५० च्या आसपास, म्हणजे दोघांना वेगळं ठेवते ती फक्त मधली भिंत, आणि प्रत्येक फाट्यावर ती पातळ होत होत शेवटी ठिपक्यापेक्षाही बारीक होते, मग स्कॅनमध्ये ती पुसटच येते. सॉफ्टवेअर मोठ्या श्वासनलिकेपासून सुरू करून शेजारचे सारखे ठिपके जोडत जातं, भिंत पुसट झाली की बांध फुटल्यासारखं सगळ्या फुप्फुसात पसरतं, म्हणून थ्रेशोल्ड, म्हणजे कुठल्या आकड्यापर्यंत ठिपका नळीतला धरायचा ती मर्यादा, कडक ठेवावा लागतो आणि मग फांद्या लवकर तुटतात. यात भलेभले अडकलेत. २००९ मध्ये लंडनला यावर स्पर्धा झाली, १५ टीम, सगळ्यांना तेच २० स्कॅन, तरी एकालाही फांद्यांच्या एकूण लांबीपैकी सरासरी ७४ टक्क्यांच्या वर लांबी काढता आली नाही, आणि ती तुलनाही सगळ्या टीमनी मिळून शोधलेल्या फांद्यांशीच होती, खरं झाड त्याहून मोठं!

डावीकडे खाली हृदय अगदी शेजारी धडधडत असतं, त्याने तिथलं चित्र हलतं, हे एक कारण असू शकतं. दुसरं म्हणजे सीडीवर एकाच स्कॅनच्या दोन-तीन सीरिज, म्हणजे स्लाइसचे (छातीच्या कापांच्या चित्रांचे) वेगवेगळे संच असतात, तुम्ही ५ मिमी जाडीची उघडली असेल तर बारीक नळ्या विसराच, १ मिमी किंवा त्याहून पातळ असलेली घ्या.

पण कफ अडकूनही नळी खरंच बंद होऊ शकते, म्हणून मॉडेलवर विसंबू नका, मूळ काळ्या-पांढऱ्या स्लाइस लंग विंडोमध्ये, म्हणजे फुप्फुस स्पष्ट दिसेल अशा उजेड-अंधाराच्या सेटिंगमध्ये बघा. फांदी तुटली तिथून एकेक स्लाइस सरकवत जा, काळा गोल पुढे चालू राहिला तर नळी उघडी आहे. तो मधेच पांढरट भरलेला दिसला तर स्लाइस नंबर लिहून ठेवा आणि रेडिओलॉजिस्टना तोच दाखवा, थ्रीडी चित्र नको.