चिकाचे चार थेंब

प्रश्न : बाई, माझ्या धाकट्या लेकीला पहिल्या खेपेला पोटुशी असताना साखर निघाली, इन्सुलिन घ्यावं लागलं. सिझर झालं. बाळाची साखर उतरली म्हणून त्याला काचेत ठेवलं आणि हिला दूध उतरलं ते पाचव्या दिवशी. तोवर बाळ बाटलीला लागलं, मग अंगावर घेईना. सासरी अजून ऐकवतात, "हिच्या अंगात दूधच नाही, आणि असतं तरी साखरेचं, बाळाला बाधलं असतं." आता पुन्हा सातवा लागलाय, साखर पुन्हा निघाली. या वेळी तरी दूध येईल ना? आतापासूनच अळिवाचे लाडू सुरू करू का?
– एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : तुमच्याच पत्रात लिहिलंय, पाचव्या दिवशी दूध उतरलं. म्हणजे अंगात दूध होतं, यायला उशीर झाला. हे वाक्य सासरच्यांना वाचून दाखवा.

दूध साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भरून येतं. साखरेच्या बायकांना त्याहून उशीर होतो, हे आम्ही वॉर्डात वर्षानुवर्षं बघतच होतो. दूध बनवणाऱ्या पेशींनाही इन्सुलिनचा निरोप लागतो. २०१३ साली अमेरिकेत सिनसिनाटीच्या संशोधकांनी बाळंतिणींच्या दुधातल्या स्निग्धकणांमधला आरएनए (पेशीत कोणतं काम चालू आहे ते सांगणारा रेणू) तपासला, तेव्हा दूध सुरू होताना स्तनाच्या पेशी इन्सुलिनला किती दाद देतात ते दिसलं. ज्यांचं शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, त्यांचं दूध रेंगाळू शकतं. त्यात सिझर, त्यात बाळ दुसऱ्या खोलीत. लेकीचा यात काय दोष?

आणि "साखरेचं दूध" ही निव्वळ भीती. दुधातली साखर स्तनातच तयार होते. आईची साखर वाढली म्हणून दूध बाधत नाही. इन्सुलिन बाळाच्या पोटात गेलंच, तरी तिथे पचून जातं.

बाळाची साखर का उतरली? पोटात असताना आईची जास्तीची साखर त्याला मिळते, म्हणून ते स्वतःचं इन्सुलिन भरपूर करतं. नाळ कापली की साखर थांबते, इन्सुलिन मात्र अंगात राहतं. त्या पहिल्या काही तासांत पोटात काहीतरी जायला हवं आणि तेव्हा आईकडे असतो फक्त चीक, म्हणजे पहिलं दाट दूध. म्हणून तो आधीच काढून ठेवायचा.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या बाजूला ६३५ मधुमेही गरोदर बायकांवर याचा अभ्यास झाला, २०१७ मध्ये तो छापून आला. निम्म्यांना ३६व्या आठवड्यापासून दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं हाताने चीक काढायला सांगितलं. त्यामुळे जास्त बाळं काचेत गेली, असं झालं नाही. पहिल्या २४ तासांत फक्त आईच्या दुधावर राहिलेली बाळं १०० पैकी ६९ होती, न काढणाऱ्यांत ६०. फरक फार मोठा नाही, पण फुकटचा आहे. मात्र त्या बायकांना दुसरी जोखीम नव्हती. वार खाली असेल, अंगावरून रक्त जात असेल, कळा लवकर येण्याची भीती असेल, तर हे करायचं नाही. आधी तिच्या डॉक्टरांना विचारा.

रीत अशी. आंघोळीनंतर, अंग गरम असताना बसायचं. काळ्या भागाच्या थोडं मागे अंगठा आणि बोटं समोरासमोर ठेवून आधी छातीकडे दाबायचं, मग बोटं जवळ आणायची. कातडी घासायची नाही. पहिले दिवस नुसतं ओलसर दिसेल, मग मधासारखा पिवळा थेंब. तो बिनसुईच्या सिरिंजमध्ये ओढून, तारीख लिहून फ्रीझरमध्ये.

१९९४ साली मलाही साखर निघाली होती. शेकडो बाळंतपणं केलेली मी, तिसऱ्या दिवशी कोरडी ठक्क पडून रडत होते. आमच्या वॉर्डातल्या मावशी बोंडलं घेऊन आल्या, काही न बोलता दाबून चार थेंब काढले आणि लेकाच्या ओठाला लावले. त्या चार थेंबांनी माझं रडं थांबलं, त्याचं नाही!

बाळंत झाल्यावर तासाभरात बाळ उघड्या छातीवर द्या. काचेत नेलंच, तर लेकीने दर दोन-तीन तासांनी दूध काढत राहावं. वरचं दूध लागलं तर लाज कसली, वाटी-चमच्याने द्या. बाटली नको. इन्सुलिनची गरज बाळंत होताच झपाट्याने उतरते, तेव्हा तिचा डोस त्याच दिवशी विचारून घ्या.

आता लाडू. अळिवाला माझा विरोध नाही, गुळाला आहे. सातव्या महिन्यात तर मुळीच नको. पुढे फार वाटलं तर बिनगुळाची खीर करा.

एक काम राहतंच, कारण बाळाच्या गडबडीत आईची साखर कुणी बघत नाही. कॅलिफोर्नियात गरोदरपणी साखर निघालेल्या सुमारे हजार बायकांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं, २०१५ मध्ये निष्कर्ष आले: फक्त अंगावर पाजणाऱ्यांना कायमचा मधुमेह जडण्याची शक्यता फक्त वरचं दूध देणाऱ्यांच्या निम्म्याहून कमी होती. तरी तपासणी हवीच. बाळाची दीड महिन्याची लस असते, त्याच दिवशी लेकीची ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी उरकून घ्या. तिला उपाशीपोटी जावं लागेल, दोन तास बसावं लागेल. बाळ धरायला तुम्ही सोबत जा.