आमच्या हातून काही चुकलं तर?

एका ताईंनी विचारलंय की फॉस्टर केअरमधे (म्हणजे दत्तक न घेता संस्थेतलं मूल आपल्या घरी आणून सांभाळणं) अपंग मूल घ्यायची खूप इच्छा आहे पण आम्हाला त्यातलं काहीच येत नाही, मग आमच्या हातून काही चुकलं तर? हा प्रश्न माझ्याकडे इतक्यांदा येतो ना, आणि दरवेळी मला नाशिकच्या काकू आठवतात. (ओळख पटेल असं सगळं बदललंय.)

काका-काकू दोघं पन्नाशीतले, मुलगी लग्न होऊन गावातच. संस्थेत एक 8 वर्षांचा मुलगा होता, त्याला आपण चिकू म्हणू. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसतो), पाय ताठ, बोलणं दोन-चार शब्दांचं पण समजतं सगळं. काका पहिल्याच भेटीत तयार, 'मॅडम, माया लावली की सगळं होतं.' काकू गप्प. दुसऱ्या भेटीत निघता निघता दारात थांबून म्हणाल्या, 'जेवताना तो केवढा ठसकतो हो. माझ्या हातून घास अडकला तर?'

खरं सांगू? मला तेव्हा काळजी वाटली ती काकांची. काकूंनी निदान त्या पोराला जेवताना नीट बघितलं होतं.

पण मी पण शहाणीच, त्यांना धीर द्यायचा सोडून फाईल उघडून बसले. फॉस्टर केअरच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचना, आता एकटी व्यक्ती पण अर्ज करू शकते, मूल 6 वर्षांच्या पुढचं, बालकल्याण समितीचा आदेश लागतो, हे दत्तक नाही पण मूल कायद्याने दत्तकासाठी मोकळं असेल आणि 2 वर्षं नीट गेली तर तो रस्ता आहे, मिशन वात्सल्य या सरकारी योजनेतून महिन्याला 4000 रुपये (त्यावर घर चालवायचा हिशोब करू नका), निरामय या सरकारी आरोग्य विम्यात 1 लाखापर्यंत औषधपाणी आणि थेरपी, 18 नंतर नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली कायदेशीर पालक नेमता येतो वगैरे वगैरे. काकू मान हलवत होत्या आणि डोळ्यात तोच घास.

शेवटी फाईल मिटली आणि दोघांना म्हटलं, उद्या दुपारी साडेबाराला संस्थेत या, जेवायच्या वेळी.

तिथल्या मावशी एकट्या पाच मुलांना भरवतात, त्यांना दोष कुठल्या तोंडाने देणार, पण उभ्याने वरून घास येतो म्हणून चिकू मान मागे टाकून तो घेतो, आणि मान मागे गेली की अन्न श्वासनलिकेत जायची भीती वाढते. थेरपिस्टनी काकूंना त्याच्यासमोर बुटक्या स्टुलावर बसवलं. त्याचे पाय लोंबकळत होते ते पाटावर टेकवले, पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली. चमचा समोरून, अर्धाच. वरणभात घट्टसर कालवलेला, कारण पातळ आमटी सुळकन घशात जाते आणि त्याला गिळायला सवड मिळत नाही. गिळलेलं दिसल्याशिवाय पुढचा घास नाही.

दोनदा ठसका लागलाच. काकूंचा हात पाठीत थापट्या मारायला वर गेला तर थेरपिस्टनी हाताने अडवलं, म्हणाल्या, खोकतोय म्हणजे हवा जातीये, जरा पुढे झुकवा आणि खोकू द्या. आवाज बंद झाला, खोकताच येत नसेल तर मात्र थांबायचं नाही, आणि तेव्हा काय करायचं ते पण दोघांकडून लगेच करून घेतलं. 35 मिनिटं लागली. काकू घामाघूम, आणि चिकू मान वळवून लोणच्याच्या बरणीकडे बघतोय. काकू हसल्या. 'खोडकर आहे गं बाई.' अर्ज त्या आठवड्यात गेला.

गोष्ट इथे संपली असती तर मी पण खूश झाले असते. पण चिकू घरी आल्यावर चौथ्या महिन्यात रात्री दहाला काकूंचा फोन, रडत, 'आज ओरडले मी त्याच्यावर, घास थुंकला म्हणून. मला नाही जमत, परत घेऊन जा म्हणावं त्यांना.' मी विचारलं, आज जेवणं कोणी कोणी भरवली? तिन्ही त्यांनीच. काल? त्यांनीच. काका? ते त्याला फिरवतात, गाणी लावून देतात, त्याचा लळाच आहे त्यांना. चार महिन्यात एकदाही भरवलं नव्हतं! 'तुझ्या हाताची सवय आहे त्याला' म्हणे.

काकूंमधे काही कमी नव्हतं हो, दिवसाला तीन जेवणं म्हणजे जवळपास दोन तास आणि तेही एकाच कमरेवर. मग ठरलं, रात्रीचं जेवण काकांचं, रविवार दुपार मुलीची, आणि थेरपिस्टकडे दोघांनी परत एकदा शिकायला जायचं. काका कुरकुरले, म्हणाले मला भीती वाटते. मी म्हटलं चला, आता बरं वाटलं ऐकून.

म्हणून ताई, अर्ज भरायच्या आधी घरात कोण कोण भरवणार ते लिहून काढा आणि त्या सगळ्यांना घेऊन एका जेवणाला जाऊन बसा, मग आपण बोलू.

हो, आणि काकांचा पहिल्या रात्रीचा व्हॉइस मेसेज माझ्याकडे अजून आहे. मागून काकू स्वयंपाकघरातून ओरडतायत, 'अहो मान! त्याची मान बघा!' आणि काका दमलेल्या आवाजात, 'मॅडम, 50 मिनिटं लागली. माझी भाकरी पार गार झाली.'