कम्युटेटिव्ह अल्जेब्राच्या शाळा-परिषदांना जाऊन खरंच काही मिळतं का, की व्याख्यानं घरी बसून ऐकली तरी पुरतात?

मिळतं. जा.

तुम्ही लिहिलंय की पीएच.डी.चं पहिलं वर्ष आहे, गाइड म्हणतात "आधी पुस्तक पुरतं संपवा, मग हिंडा", आणि विषयातल्या नव्या घडामोडी कळाव्यात एवढाच हेतू असेल तर प्रवास कशाला, असं तुम्हालाही वाटायला लागलंय. हेच "मग हिंडा" मला एका विभागप्रमुखांनी ऐकवलं होतं. म्हणून हे जरा लांबणार आहे.

मी तेव्हा तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला शिकवत होते आणि पीएच.डी. पार्ट-टाइम चालू होती. आमचा विषय रिंगांचा, म्हणजे बेरीज-गुणाकार करता येतात आणि गुणाकाराचा क्रम बदलला तरी चालतो अशा रचनांचा. डायमेन्शन (मिती) दोनमध्ये नॉर्मल रिंग कोहेन-मॅकॉले, म्हणजे एका ठरावीक अर्थाने शिस्तीत वागणारी, असतेच, आणि माझा एक निष्कर्ष त्यावरच उभा होता. डायमेन्शन तीनमध्ये तो कोसळतो हे दाखवायला मला नॉर्मल असलेली पण कोहेन-मॅकॉले नसलेली रिंग हवी होती, आणि तीही अशी की हाताने तपासता येईल. पेपरांमध्ये "हे सर्वज्ञात आहे" एवढंच लिहिलेलं असायचं. ज्याच्या आजूबाजूला हा विषय करणारं एकही माणूस नाही, त्याला सर्वज्ञात गोष्टच सगळ्यात जास्त छळते. कितीतरी महिने मी त्यावर अडकले होते.

त्याच काळात एटीएमच्या, म्हणजे गणिताच्या प्रशिक्षण-शाळा भरवणाऱ्या कार्यक्रमाच्या, अ‍ॅडव्हान्स्ड शाळेसाठी माझी निवड झाली. निवड झालेल्यांना प्रवासखर्च, राहणं, जेवण मिळतं, फी नसते. मी ऑन-ड्यूटी रजेचा अर्ज केला. विभागप्रमुख म्हणाले, "एवढे दिवस वर्ग कोण घेणार? आणि परत येऊन दाखवणार काय, एक सर्टिफिकेट?" रजा नाकारली. मी अर्जित रजा टाकून गेले. त्याच वर्षी आमच्याकडे दोन दिवसांची "राष्ट्रीय परिषद" भरली. बॅनर, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, आणि मग समांतर सत्रांत प्रत्येकाला पाच-सात मिनिटं. तिथे कुणीही कुणाला प्रश्न विचारला नाही. त्यासाठी मात्र अख्खा विभाग ऑन-ड्यूटी होता आणि सगळ्यांना एपीआयचे, म्हणजे बढतीसाठी तेव्हा मोजले जाणारे, गुणही मिळाले. इतकी वर्षं झाली तरी हे मला पटलेलं नाही, पटणारही नाही.

शाळेत सकाळी व्याख्यानं आणि दुपारी ट्युटोरियल असायची. चहाच्या सुट्टीत मी व्याख्यात्यांपैकी एका निवृत्त प्राध्यापकांना गाठलं आणि माझी अडचण सांगितली. अमुक पेपर बघा, तमुक प्रकरण वाचा असं काहीच ते म्हणाले नाहीत. "डायमेन्शन तीन चालेल ना?" एवढं विचारलं, कप खिडकीत ठेवला आणि फळ्याकडे गेले.

क्ष, य, झ ही तीन चलं घ्यायची, त्यांच्या घनांची बेरीज शून्य मानायची. ही झाली लंबवर्तुळी वक्राची, म्हणजे एलिप्टिक कर्व्हची रिंग, डायमेन्शन दोन. तिचं प, फ या दोन चलांच्या बहुपदींच्या रिंगशी सेग्रे प्रॉडक्ट घ्यायचं. म्हणजे प·क्ष, प·य, प·झ, फ·क्ष, फ·य, फ·झ या सहा गुणाकारांनी तयार होणारी रिंग. डायमेन्शन तीन, आणि कॅरॅक्टरिस्टिक (जितके एक मिळवले की शून्य येतं तो आकडा) तीन टाळलं की नॉर्मल. आता पॅरामीटर घ्या: पहिला प·य, दुसरा फ·क्ष, तिसरा प·क्ष वजा फ·य. मग प·झ आणि फ·झ यांच्या गुणाकाराला तिसऱ्या पॅरामीटरने गुणा. दोन पदं येतात. एकात फ·क्ष बाहेर काढता येतो, दुसऱ्यात प·य. म्हणजे सगळं पहिल्या दोघांच्या आयडियलमध्ये, त्यांच्या पटींच्या बेरजांत, गेलं. पण प·झ गुणिले फ·झ स्वतः त्या आयडियलमध्ये नाही, कारण त्यासाठी झ-वर्ग हा क्ष आणि य यांच्या आयडियलमध्ये असावा लागेल, आणि आपल्या समीकरणामुळे झ-घन तिथे जातो, झ-वर्ग जात नाही. संपलं. कोहेन-मॅकॉले रिंगेत पॅरामीटरांचा रेग्युलर सीक्वेन्स होतो, म्हणजे पुढच्याने गुणल्यावर आधीच्यांच्या आयडियलमध्ये तेच जातं जे मुळातच तिथे असतं. इथे तो तुटला, रिंग कोहेन-मॅकॉले नाही.

तुम्ही वही घेऊन हे करून बघा, दोन ओळींचं काम आहे.

फळ्यासमोर तोवर पाच-सहा जण जमले होते. कोलकात्याच्या एका मुलीने विचारलं की कॅरॅक्टरिस्टिक प्राइम असेल तर फ्रोबेनियस (प्रत्येक घटकाचा त्या प्राइमइतका घात घेणारं फंक्शन) इथे कसा वागतो. त्यावर केरळचा एक मुलगा म्हणाला, त्या प्राइमला तीनने भागून बाकी काय उरते ते पाहा. बाकी एक असेल तर रिंग एफ-प्युअर, म्हणजे फ्रोबेनियस तिथे नीट वागतो, दोन असेल तर नाही. या एका वाक्यातून माझ्या प्रबंधाचा पुढे एक अख्खा विभाग तयार झाला. हे उदाहरण नवं मुळीच नव्हतं, हॉक्स्टर आणि रॉबर्ट्स यांच्या १९७०च्या दशकातल्या कामापासून ते जाणकारांच्या तोंडी आहे. पण जाणकारांच्या तोंडी असलेली गोष्ट ऐकायला जाणकार जिथे उभे असतात तिथे जावं लागतं. विभागप्रमुखांना परत येऊन काय दाखवणार ते हवं होतं ना? हे होतं.

बातम्यांचंही तसंच. आर्काइव्हवर, म्हणजे छापण्याआधी पेपर टाकतात त्या संकेतस्थळावर, पेपर सगळ्यांना एकाच दिवशी दिसतो, पण त्याचं वजन सगळ्यांना एकाच दिवशी कळत नाही. डायरेक्ट समंड कंजेक्चर या विषयातल्या जुन्या अनुमानाचं बघा. १९७३ मध्ये हॉक्स्टर यांनी फील्ड सामावणाऱ्या रिंगांसाठी ते सिद्ध केलं. फील्ड न सामावणाऱ्या, म्हणजे मिश्र कॅरॅक्टरिस्टिकच्या, रिंगांसाठी डायमेन्शन तीनपर्यंत पोहोचायला २००२ उजाडलं, ते काम हाइटमन यांचं. आणि २०१६ मध्ये इव्ह आंद्रे यांनी परफेक्टॉइड स्पेसेस वापरून पूर्ण सिद्धता मांडली. पुस्तक संपवून एकटं बसलेल्या माणसाला परफेक्टॉइड हा शब्दच परका. आंद्रेंची सिद्धता कुठे वळते आणि भार्गव भट्ट यांनी ती सोपी कशी केली, हे मला कार्यशाळेतल्या संध्याकाळच्या गप्पांमध्ये उमगलं, स्क्रीनवर वाचून नाही. नीना गुप्ता यांनी झारिस्की कॅन्सलेशन या विषयातल्या जुन्या प्रश्नाला प्राइम कॅरॅक्टरिस्टिकमध्ये प्रतिउदाहरण दिलं, ते २०१४ मध्ये छापून आलं. वर्तमानपत्रांत त्यांचं नाव झळकलं ते पुढे पुरस्कार मिळाल्यावर. विषयातल्या लोकांना ते केव्हाच माहीत होतं.

मोठे मेळावे म्हणाल तर बर्कलेच्या गणित संस्थेत, जिला आधी एमएसआरआय म्हणत आणि आता एसएलमॅथ म्हणतात, कम्युटेटिव्ह अल्जेब्राचे लांब कार्यक्रम २००२-०३, २०१२-१३ आणि २०२४ मध्ये झाले. तिथे पोहोचायला तुम्हाला वेळ आहे. मला त्यांच्यापेक्षा अमेरिकेतल्या छोट्या बैठका जास्त आवडतात. कॅन्सस, मिझुरी, नेब्रास्का या विद्यापीठांची मिळून 'कुमुनु', किंवा सिराक्यूसपासून कॅनडातल्या किंग्स्टनपर्यंतच्या लोकांची, महामार्गाच्या नावावरून 'रूट ८१'. शनिवार-रविवार गाडी काढायची, विद्यार्थ्यांनी बोलायचं, ज्येष्ठांनी ऐकायचं. मुंबईत आयआयटी आणि टीआयएफआर आहेत, पुण्यात श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये उभं केलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे. मुंबई-पुणे-कोल्हापूर पट्ट्यात दर सत्राला एक शनिवार असा करणं अजिबात अवघड नाही. शाल-श्रीफळाच्या खर्चात दोन होतील.

आता ऑनलाइनबद्दल, कारण तुमचा मूळ प्रश्न तोच होता. २०२० मध्ये आयआयटी मुंबईच्या मंडळींनी ऑनलाइन कम्युटेटिव्ह अल्जेब्रा सेमिनार सुरू केला, त्याचे उपकार मी विसरणार नाही. जगभरची नामवंत माणसं गावात बसून ऐकायला मिळाली. ती व्याख्यानं जरूर ऐका, थांबवून थांबवून ऐका. फक्त त्यात चहाची सुट्टी नसते. व्याख्यान ऐकायला घर पुरतं, अडलेलं विचारायला पुरत नाही.

तुमच्या गाइडचं म्हणणं पूर्ण चूक आहे असं मी म्हणत नाही. नाकायामा लेमा आणि प्रायमरी डिकम्पोझिशन या पायाच्या गोष्टी हाताखालून गेलेलं नसेल तर अ‍ॅडव्हान्स्ड शाळेत पहिल्या दिवसापासून गटांगळ्या खाल. आधी एटीएमचीच फाउंडेशन शाळा करा. नुसत्या संशोधन-परिषदांना पहिल्या वर्षी जाऊ नका, तिथलं एक तासाचं व्याख्यान दहा मिनिटांनंतर तुमच्यासाठी उरत नाही. प्रमाणपत्रवाल्या परिषदांना तर कोणत्याच वर्षी जाऊ नका. घरी लहान मूल असेल, आजारपण असेल, तर तीन-चार आठवडे बाहेर राहणं सोपं नाही हेही मला माहीत आहे. मग एक-दोन आठवड्यांची कार्यशाळा बघा.

जाताना एक अडलेला प्रश्न कागदावर नीट लिहून न्या, एका परिच्छेदात सांगता येईल असा. ट्युटोरियलला फळ्यावर बोलावलं तर जा. आणि संस्थेने रजा नाकारली तर ती लेखी मागा. मी मागितली नव्हती, त्यामुळे पुढे बढतीच्या वेळी "तुम्ही स्वतःच अर्जित रजा घेतली होती" असं मला ऐकवण्यात आलं.

अर्जाबरोबर शिफारसपत्र लागतं. ते गाइडकडूनच आणायला हवं असं नाही. एम.एस्सी.ला ज्यांनी तुम्हाला अल्जेब्रा शिकवला आणि ज्यांना तुमचं काम आठवतंय, अशा शिक्षकांचं पत्र चालतं. शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका, आजच फोन करा.