‘लुफ्तवाफे’ची, म्हणजे नाझी जर्मनीच्या हवाई दलाची मुद्रा असलेला सोनेरी लायका कॅमेरा जुन्या बाजारात मिळाला आहे. हा दुर्मीळ प्रकार खरा आहे का? कसा ओळखायचा? आणि किंमत किती येईल?

तुमचे फोटो नीट पाहिले. सोनेरी अंग, तपकिरी कातडं, वर लायकाचं नाव, शेजारी गरुड-स्वस्तिक आणि ‘हवाई दलाची मालमत्ता’ अशा अर्थाची जर्मन अक्षरं. माझ्या मते हा लायका नाही. हा बहुतेक झोर्की आहे, म्हणजे मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात १९४८ पासून बनू लागलेला सोव्हिएत कॅमेरा. नाहीतर झोर्की ज्याच्यावरून निघाला तो फेड, हाही सोव्हिएतच.

फोटोवरून शंभर टक्के सांगता येत नाही, पण खात्री तुम्हाला घरीच करता येईल. लेन्स आट्यांची आहे, डावीकडे फिरवून काढा. आता समोरच्या भोकातून आत, वरच्या बाजूला पाहा. रेंजफाइंडरला, म्हणजे अंतर मोजून फोकस जुळवणाऱ्या यंत्रणेला जोडलेली एक छोटी दांडी दिसेल. खऱ्या लायकात तिच्या टोकाला गोल फिरतं चाक असतं. फेड आणि झोर्कीत चाक नसतं, पाचरीसारखा चपटा तुकडा असतो. बाहेरून मुलामा देणारे आणि अक्षरं कोरणारे या दांडीच्या वाटेला सहसा जात नाहीत, कारण गिऱ्हाईक आत डोकावत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. लेन्स काढू न देणाऱ्या विक्रेत्याकडून असला कॅमेरा घेऊच नये.

लेन्स हातात आहेच तर तिच्याकडेही बघा. तुमच्या लेन्सवर एल्मार, म्हणजे लायकाच्या लेन्सचं नाव कोरलंय. खऱ्या एल्मारमध्ये अ‍ॅपर्चरची पाती (उजेडाचं छिद्र लहान-मोठं करणारी) पुढच्या पहिल्याच काचेच्या मागे असतात. झोर्कीवर येणाऱ्या सोव्हिएत इंडस्टार लेन्समध्ये ती आणखी आत, दुसऱ्या काचेच्या मागे असतात. समोरून उजेडात धरून अ‍ॅपर्चर लहान-मोठं केलंत की कळेल. आकडेही वाचा. ३.५, ४, ५.६, ८, ११, १६ असे असतील तर ही मांडणी युद्धानंतरची. युद्धापूर्वीच्या एल्मारवर ३.५, ४.५, ६.३, ९, १२.५, १८ असे आकडे येत. मात्र युद्धापूर्वीच्या फेडवरही हेच आकडे होते, त्यामुळे ते जुळले म्हणून लगेच हुरळून जाऊ नका.

कॅमेऱ्यावर कोरलेल्या अनुक्रमांकावर, म्हणजे नंबरावर फार विसंबू नका. अंगभूत रेंजफाइंडरचा लायका टू १९३२ मध्ये आला आणि त्याचे नंबर ७१ हजारांच्या पुढचे. त्यामुळे छोटा नंबर दिसला की लोक ‘नकली’ म्हणून मोकळे होतात. पण लायका बनवणारा जर्मनीतल्या वेट्झलारचा लाइट्झ कारखाना गिऱ्हाइकांचे जुने कॅमेरे नव्या मॉडेलमध्ये बदलून देत असे आणि नंबर जुनाच ठेवत असे. छोटा नंबर शंका वाढवतो, निकाल देत नाही.

आता ‘दुर्मीळ प्रकारा’बद्दल. सोन्याचा मुलामा दिलेले लायका कारखान्याने खरंच काढले होते, १९३०च्या आसपास, जेमतेम शंभराच्या आत. पण ते पहिल्या मॉडेलवरचे. त्यांत रेंजफाइंडर नव्हता आणि लेन्सही निघत नसे. तुमच्यात दोन्ही आहे. हवाई दलाचे लायकाही खरे होते, पण त्यांतले बहुतेक युद्धकाळातले थ्री-सी मॉडेलचे. त्यांच्यावर पुढच्या बाजूला मंद शटरवेगांची वेगळी चकती असते, तुमच्या फोटोंत ती नाही. शिवाय लढाईवर उन्हात लखलखणारा सोनेरी कॅमेरा कोण नेईल? ‘ऑलिम्पिक बर्लिन १९३६’, नौदल, वार्ताहर अशा मुद्रांचे, लाकडी किंवा सापाच्या कातड्याचे ‘लायका’ही विकायला येतात. सोव्हिएत संघ मोडल्यावर पूर्व युरोपातून हा माल मोठ्या प्रमाणावर बाहेर पडला.

मला यात खटकतं ते वेगळंच. फेड ही काही भामटेगिरी नव्हती. युक्रेनमधल्या खारकिव्हला अनाथ, बेघर मुलांसाठी शिक्षणतज्ज्ञ मकारेंकोंच्या देखरेखीखाली चाललेल्या कम्यूनमध्ये १९३४ पासून हा कॅमेरा बनू लागला. नक्कल लायका टूचीच, पण स्वतःच्या नावाने. ते नाव सोव्हिएत गुप्त पोलिसांचा संस्थापक फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्की याच्या आद्याक्षरांचं. याच खारकिव्हवर पुढे जर्मन सैन्याने कब्जा केला. त्या शहरातल्या कॅमेऱ्याचं नाव घासून तिथे नाझी गरुड कोरायचा आणि तो पर्यटकाच्या गळ्यात मारायचा, हा धंदा मला किळसवाणा वाटतो. एखादा सुरुवातीचा फेड अशा घासणीत गेला असेल तर नुकसान संग्राहकाचंच.

किंमत विचारलीत. साध्या चालू झोर्कीपेक्षा थोडी जास्त मिळेल, कारण असल्या नकलाही गोळा करणारे लोक आहेत. लायकाचा भाव मात्र मिळणार नाही. विकलात तर नकली आहे हे सांगून विका. मुलामा घासून काढायच्या फंदात पडू नका, खाली मूळ अक्षरं सापडायची शक्यता कमीच.

शटर चालत असेल तर वापरा, इंडस्टारची लेन्स चांगली असते. दोनच पथ्यं पाळा. शटरवेग नेहमी फिल्म पुढे ओढल्यावर बदला, आधी नाही. आणि फिल्म खालून भरायची असल्याने तिचं सुरुवातीचं टोक कात्रीने सुमारे दहा सेंटिमीटर लांब निमुळतं कापून घ्या. आजच्या रोलचं आखूड टोक तसंच घुसवलं तर फिल्म फाटते आणि तुकडे शटरमध्ये अडकतात.

दांडीचा फोटो काढता आला तर टाका, पाहून सांगतो.