वाचकांचे प्रश्न: सोमल, थॅलियम आणि हिऱ्याची पूड

प्रश्न : जुन्या खुनांच्या गोष्टींत जो तो सोमलच (म्हणजे आर्सेनिक) घालतो. एवढं काय होतं त्यात, आणि लोक पकडले कसे जायचे नाहीत?

उत्तर : कारण सोमलाला ना धड वास ना चव, आणि माणूस जायचा तो उलट्या-जुलाब होऊन, म्हणजे पटकी (कॉलरा) झाल्यासारखा, आणि एकोणिसाव्या शतकात पटकीने माणसं मरतच होती, मग डॉक्टर कशाला संशय घेतोय! उंदरांसाठी म्हणून दुकानात सहज मिळायचं ते वेगळंच. फ्रेंच लोक तर सोमलाला ‘वारसाहक्काची पूड’ म्हणायचे.

१८३२ मध्ये इंग्लंडात बोडल नावाचा म्हातारा शेतकरी कॉफी पिऊन मेला, आळ आला नातवावर. जेम्स मार्श नावाच्या केमिस्टने कॉफीत सोमल आहे हे शोधलं, पिवळा साका (तळाशी बसणारा गाळ) मिळाला, पण ज्युरीसमोर जाईपर्यंत तो साका खराब झाला आणि पोरगा सुटला (नंतर त्याने स्वतःच कबूल केलं म्हणे, पण तेव्हा काय उपयोग). मार्शला हे इतकं लागलं की त्याने नवीन टेस्टच बनवली आणि १८३६ मध्ये जाहीर केली. जस्त आणि ॲसिडमध्ये नमुना टाकायचा, निघणारा गॅस पेटवायचा आणि ज्योतीवर थंड चिनी मातीची बशी धरायची. सोमल असेल तर बशीवर काळा चकचकीत डाग, अगदी आरशासारखा. आता हा पुरावा कोणालाही डोळ्यांनी दिसणार.

चारच वर्षांनी, १८४० मध्ये, फ्रान्सच्या त्यूल गावात मारी लाफार्जवर नवऱ्याला मारल्याचा खटला चालला. तिथल्या केमिस्टांनी मार्शची टेस्ट केली पण प्रेतात काहीच सापडेना, तिचे वकील खुश. मजा बघा, सोमल असल्याचे आधीचे रिपोर्ट पाडायला त्याच वकिलांनी पॅरिसच्या ऑर्फिला या विषतज्ज्ञाचं मत आणलं होतं, मग कोर्टाने ऑर्फिलालाच बोलावलं. त्याने तीच टेस्ट नीट केली आणि सोमल प्रेतातच आहे, थडग्याच्या मातीतून किंवा टेस्टच्या केमिकलमधून आलेलं नाही, हेही दाखवून दिलं. मारीला जन्मठेप. टेस्ट तीच, हात वेगळा. पुढे १८५१ मध्ये इंग्लंडने कायदाच केला की सोमल विकताना नोंद ठेवायची आणि त्यात काजळी नाहीतर नीळ मिसळायची, म्हणजे पांढरं म्हणून साखरेत खपणार नाही.

प्रश्न : विषाच्या कादंबऱ्या वाचून लोक खून शिकतात का?

उत्तर : उलटं झालेलं एक उदाहरण देतो. अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात दवाखान्याच्या औषध विभागात काम करायची, त्यामुळे तिची विषं बिनचूक असतात. ‘द पेल हॉर्स’ (१९६१) मध्ये थॅलियम हा विषारी धातू आहे, त्याने केस गळतात वगैरे. १९७७ मध्ये कतारहून १९ महिन्यांचं एक बाळ लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये आणलं होतं आणि डॉक्टरांना काही कळेना. तिथली एक नर्स नेमकी हेच पुस्तक वाचत होती, ती म्हणाली हे थॅलियम वाटतंय. तपासलं तर खरंच! घरात झुरळं-उंदरांसाठी ठेवलेलं औषध पोटात गेलेलं. बाळ वाचलं.

आणि खरा थॅलियमवाला खुनी? ग्रॅहम यंग. घरच्यांवर विषप्रयोग केला म्हणून १४ व्या वर्षी आत गेला, १९७१ मध्ये सुटला आणि इंग्लंडातल्या बोव्हिंग्डन गावच्या एका कंपनीत कामाला लागला, जिथे सगळ्यांचा चहा याच्या हातून जायचा. लोक आजारी पडू लागले, सगळे म्हणायचे कसलीतरी साथ आलीय, दोघं गेले. कंपनीने डॉक्टर बोलावला तर या शहाण्याने सगळ्यांसमोर त्यालाच विचारलं, थॅलियमचा विचार केलात का म्हणून! स्वतःची हुशारी मिरवल्याशिवाय राहवलं नाही बिचाऱ्याला. एका मृताचं दहन झालेलं होतं, तरी राखेतही थॅलियम सापडलं. १९७२ मध्ये जन्मठेप.

प्रश्न : हिरा गिळून माणूस खरंच मरतो?

उत्तर : नाही हो, हिरा म्हणजे कार्बन, पोटात विरघळत नाही, विष म्हणून शून्य. पण समज फार जुना. सोळाव्या शतकातला इटालियन सोनार-शिल्पकार चेलिनी आत्मचरित्रात सांगतो की तुरुंगात त्याच्या जेवणात हिऱ्याची पूड घातली होती. खाल्ल्यावर चकाकणारे कण दिसले, आता संपलो म्हणून देवाचं नाव घेतलं, मग कण सुरीने दाबून बघितला तर फुटला! सोनारच तो, लगेच ओळखलं की हिरा नाही. ज्याला पूड करायला हिरा दिला होता त्याने तो स्वतःच ठेवून स्वस्तातला खडा कुटून दिला होता.