छळलेला उंदीर, नववीतला मुलगा

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. गेल्या वर्षी होस्टेलवर मोठ्या मुलांनी त्याला फार छळलं. आता त्याला घरी आणलंय. परवा बातमीत वाचलं, की कोवळ्या वयात छळलेले उंदीर मोठेपणी नशेच्या आहारी जातात. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. हे खरं आहे का?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, प्रयोग खरे आहेत, बातमीने मात्र ते जरा जास्तच ताणलेत. मी औषधशास्त्र शिकवायचे आणि त्यातला बराच काळ ॲनिमल हाउसमध्ये, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवतात तिथे, गेला, म्हणून आधी तिथे नेमकं काय करतात ते सांगते.

अमेरिकेत साउथ डकोटा विद्यापीठात असे प्रयोग झाले. उंदीर 35 दिवसांचा, म्हणजे नुकता वयात येणारा. सलग 5 दिवस, रोज एकदा, त्याला एका दांडग्या नराच्या पिंजऱ्यात सोडायचं. पिंजरा दांडग्याचा, त्यामुळे तो आधी हुंगतो, मग अंगावर धावून जातो. पोरगा शेवटी उताणा पडतो, पोट वर करून. मग मध्ये जाळी घालतात. आता चावा बसत नाही, पण शत्रू दिसत राहतो, त्याचा वास येत राहतो. घाबरलेला उंदीर 22 किलोहर्ट्झच्या आसपास ओरडतो. माणसाच्या कानाला ते ऐकूच येत नाही. खोलीत सगळं शांत, आणि यंत्रावर मात्र किंकाळ्या उमटत असतात.

पुढे त्याला मोठा होऊ देतात. मग दोन कप्प्यांची पेटी. एका कप्प्यात ठेवताना ॲम्फेटामिन या नशा आणणाऱ्या औषधाचं इंजेक्शन, दुसऱ्यात ठेवताना नुसतं मिठाचं पाणी. असं काही वेळा झालं की एक दिवस काहीही न टोचता मधलं दार उघडायचं आणि तो कुठे किती वेळ रेंगाळतो ते मोजायचं. लहानपणी मार खाल्लेले उंदीर औषधाच्या कप्प्यात जास्त रेंगाळले. त्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात, जिथून ‘थांब’ असा हुकूम सुटतो तिथे, मोठेपणी डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायनही कमी भरलं.

यात उंदराने स्वतःहून काहीच घेतलेलं नाही, हे ध्यानात घ्या. सुई संशोधकाच्या हातात होती. ‘आहारी गेला’ हे बातमीदाराचे शब्द.

उंदीर स्वतःच कळ दाबून कोकेन घेतो, असेही प्रयोग आहेत. टफ्ट्स विद्यापीठात 2011 साली असाच एक झाला, पण तो मोठ्या उंदरांवर. अधूनमधून मार खाल्लेल्यांनी कोकेन जास्त घेतलं, तर आठवडेच्या आठवडे दबून राहिलेल्यांनी उलट कमी. आणखी एका प्रयोगात तर मारामारीच नव्हती. कोवळ्या वयात काही दिवस रोज तासभर एकटं ठेवायचं आणि पिंजऱ्यातला जोडीदार बदलत राहायचा, एवढंच. मोठेपणी निकोटिनने माद्या जास्त चेकाळल्या, नरांना फरक पडला नाही. तेव्हा ‘छळ झाला की व्यसन लागतं’ असं सरसकट सूत्र यातून निघत नाही.

एक निष्कर्ष मात्र मला खटकतो, तो लपवत नाही. टेक्सासमध्ये 2013 साली काही पिल्लांना 21 ते 42 या दिवसांत एकटं ठेवलं. औषध टोचलेला कप्पा त्यांनी लवकर लक्षात ठेवला आणि तो विसरायला जास्त वेळ घेतला. नंतर सोबत देऊनही हे पुसलं गेलं नाही. म्हणजे एकटेपणाचा ठसा वेगळा आणि खोल.

दुसऱ्या बाजूला 2018 चा एक अमेरिकी प्रयोग आहे. कळा दोन. एक दाबली की मेथॲम्फेटामिन किंवा हेरॉइन, दुसरी दाबली की दार उघडून दुसरा उंदीर भेटतो. औषधाची चटक लागलेले उंदीरही बहुतेक वेळा सोबतीच्या कळेवर गेले. सोबती यायला उशीर व्हायला लागला किंवा त्याच्यापायी विजेचा झटका बसायला लागला, तेव्हा ते पुन्हा नशेकडे वळले. हे उंदीर लहानपणी छळलेले नव्हते, त्यामुळे तुमच्या मुलाला हे जसंच्या तसं लावू नका. पण सोबत चटकन आणि विनात्रास मिळणं, ही गोष्ट मी डोक्यात ठेवीन.

मुलाच्या देखत ‘आता हा व्यसनी होणार’ असं चुकूनही बोलू नका. तो झोपेत दचकत असेल, जेवत नसेल, शाळेचं नाव काढताच पोटात दुखत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. आणि उंदराला टोचायला संशोधक लागतो, इथे टपरी पुरते. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायला 2003 च्या कायद्याने बंदी आहे. तुमच्या मुलाच्या शाळेजवळ काय चाललंय ते एकदा चालत जाऊन बघा. (घरात कुणाची तंबाखूची डबी टीव्हीवर पडलेली असते का, तेही.)

होस्टेल सुटलं तसे तिथले दोनचार चांगले मित्रही सुटले असतील. तो संध्याकाळी कुणाबरोबर असतो, हे पत्रात कुठे आलेलं नाही. तेवढं कळवा, मग पुढचं लिहिते.